लेखनिकाची फाइल

१

सदतीस वर्षं माझ्या नवऱ्याने, तिबेरियूने लिहिलेलं प्रत्येक वाक्य छापायला जाण्याआधी माझ्या नजरेखालून गेलं. डॅन्यूबकाठच्या ब्रईलाच्या जिल्हा वर्तमानपत्रात तो बातमीदार होता आणि मी मुद्रितशोधक. मक्याच्या विक्रमी पिकाच्या, गोदीतल्या नव्या क्रेनच्या, कालवा खणणाऱ्या आनंदी तरुणांच्या बातम्या तो लिहायचा. त्यातलं खरं किती हे आम्हा दोघांनाही माहीत असायचं. मी स्वल्पविराम दुरुस्त करायची. बाकीचं दुरुस्त करणं कोणाच्याच हातात नव्हतं.

खरं लिखाण तो घरी करायचा, दुपारी, मागच्या खोलीत, दार लावून. डॅन्यूबची दलदल आटवून तिथली कोळ्यांची गावं पुसून टाकली, त्यावरची ती कादंबरी. सहा वर्षं ती पिठाच्या डब्यात राहिली. कम्युनिस्ट राजवट पडल्यावर, नव्वद साली, 'कोरडी बेटं' छापून आली आणि तिबेरियू गोलोगान हे नाव देशभर झालं. शाळेच्या पुस्तकात त्यातलं एक प्रकरण लागलं. त्यानंतर अकरा वर्षं त्याने एक ओळ लिहिली नाही.

मग जुन्या गुप्त पोलिसांच्या फायली लोकांना पाहायला मिळू लागल्या. तिबेरियूने अर्ज केला. दोन हजार एक सालच्या वसंतात दर मंगळवारी तो पहाटेच्या गाडीने बुखारेस्टला जायचा, तिथल्या वाचनालयात बसायचा आणि संध्याकाळी छायाप्रतींचा गठ्ठा काखेत मारून परत यायचा. आठवणींचं पुस्तक लिहायचं, असं त्याने ठरवलं होतं.

"नाव काय ठेवलंय माझं, ऐकतेस?" पहिल्याच मंगळवारी बूट काढता काढता तो ओरडला. "लेखनिक! फाइलभर तेच. लेखनिक घरी आला. लेखनिक जेवला. अरे, निदान लेखक तरी म्हणा, गाढवांनो!"

"नशीब समज. शेजारच्या वकिलाचं नाव बोकड ठेवलं होतं."

तो खूप दिवसांनी हसला. मी बीन्सचं आंबट सूप, चोर्बा, गरम केलं आणि सवयीने पेन्सिल घेऊन गठ्ठा वाचायला बसले.

२

घरात त्यांनी दोन मायक्रोफोन बसवले होते. एक मागच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. आम्हाला संशय होताच, त्यामुळे पानं वाचताना धक्का असा बसला नाही. उलट गंमतच वाटायची. आमचंच बोलणं, कोणीतरी व्यवस्थित टंकून ठेवलेलं. मीठ संपलं. रांगेत किती वेळ गेला. तुझा खोकला वाढलाय. प्रत्येक पानाखाली टंकणाऱ्या बाईची (ही कामं बायकाच करायच्या) आद्याक्षरं होती: आ. मु.

चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमधल्या एका पानावर माझी पेन्सिल थांबली.

"१६.१० वाजता. लेखनिक व बायको स्वयंपाकघरात. बायको कॉफीबद्दल विचारते. लेखनिक: अर्धा कप. तिसरा: नको."

मी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. पाहुणा आल्याची नोंद नव्हती. गेल्याचीही नव्हती. त्या काळी आमच्याकडे कोणी येतच नसे. तिबेरियूवर नजर आहे हे कळल्यापासून लोक रस्ता बदलायचे.

चूक, मी मनाशी म्हटलं. 'लेखनिक'ऐवजी 'तिसरा' पडलं असेल. आयुष्य अशा चुका पकडण्यात गेलं होतं. नाहीतर रेडिओ असेल. नाहीतर भिंतीपलीकडचा वकील.

पण पुढच्या पानावर तो होता. त्याच्या पुढच्याही. "तिसरा खोकतो." "तिसरा खिडकीपाशी जातो." आणि एका शनिवारी आम्ही दोघं तिबेरियूच्या भावाकडे तुल्चाला गेलो होतो, तेव्हाची नोंद: "घर रिकामं. तिसरा मागच्या खोलीत. चालतो आहे."

घर रिकामं असं लिहून लगेच पुढे कोणीतरी चालतंय असं लिहिणारी ही आ. मु. कोण, तिला एवढंही कळत नव्हतं का, म्हणून मला आधी रागच आला. भीती नंतर आली, भांडी घासताना. नळ बंद केला आणि मागच्या खोलीकडे कान देऊन उभी राहिले. काही नव्हतं. तिबेरियू तिथल्या पलंगावर वाचता वाचता लवंडला होता.

३

मी ती पानं त्याला दाखवली नाहीत. पुढच्या मंगळवारी तसंच एक पान त्याचं त्यालाच सापडलं.

त्या संध्याकाळी तो बूट न काढताच आत आला. टेबलावर एक कागद ठेवला आणि उभाच राहिला.

"वाच. मोठ्याने."

तारीख पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरातली. त्या आठवड्यात तो दुपारीही कचेरीत असायचा आणि माझी पाळी सकाळची, त्यामुळे दुपारी मी घरी एकटी.

"१४.२५," मी वाचलं. "बायको स्वयंपाकघरात. तिसरा: तो कधी येणार? बायको: पाचला. तिसरा: मग मी आत बसतो. बायको: बस."

"कोण येत होतं घरात?"

"कोणी नाही."

"वेता, आता आपण सत्तरीला आलो. मारामारी करायला मी कुठे जाणार नाही. फक्त नाव सांग. त्या खात्यातला होता? की तुझा कोणी होता?"

"तिबेरियू, मी शपथ घेते..."

"तू 'बस' म्हणालीस त्याला! इथे लिहिलंय! अनोळखी माणसाला कोणी 'बस' म्हणतं?"

मला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. हेच मी त्याला सांगत राहिले आणि सांगता सांगता माझ्याच कानाला ते खोटं वाटायला लागलं. कारण ती दुपार तशी मला आठवत होती. लाल मिरच्या भाजत होते. धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं. खिडकी उघडी होती. सगळं आठवत होतं, फक्त मी कोणाशी बोलले होते हे नाही.

चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्या दिवसापासून तो मागच्या खोलीत वेगळा झोपू लागला. माझ्या हातचं जेवायचा, पण नजर वर करत नसे. मीच शेवटी म्हणाले, "तू बातमीदार आहेस ना? मग ज्या बाईने हे लिहिलंय तिला शोध. तिने ऐकलंय. तिला विचार कोण होतं ते."

४

नऊ दिवसांत त्याने तिला शोधून काढलं. आग्लाया मुरारू. आमच्याच गावात, स्टेशनामागच्या गल्लीत राहत होती. अंगणात रोपांचे ट्रे, टोमॅटो आणि ढोबळी मिरची. हात मातीने भरलेले. मला वाटलं होतं ती दार लावून घेईल. ती आमच्याकडे पाहत राहिली आणि तिबेरियूने तोंड उघडून "नमस्कार, बाई" म्हटल्याबरोबर तिचा चेहरा मऊ झाला.

"गोलोगानसाहेब! आवाज अजून तसाच आहे की. आणि तुमचा खोकला, बाई? लिंडनच्या फुलांचा काढा घ्यायचात, त्याने गेला का?"

ही बाई मला कधी भेटली नव्हती.

तिने ओसरीत बसवलं, आंबट चेरीची दारू पुढे केली. लाजली नाही, माफीही मागितली नाही. "सहा वर्षं तुमचंच घर होतं माझ्याकडे," ती म्हणाली. "नवरा दारूडा. कानावर ते यंत्र लावलं की बरं वाटायचं. तुम्ही भांडायचात तेव्हा मी तुमच्या बाजूने असायची, बाई."

"तिसरा कोण होता?" तिबेरियूने सरळ विचारलं.

तिचा ग्लास ओठांपाशी थांबला. "म्हणजे? तुम्हीच मला सांगा. मी साहेबांना कितीदा विचारलं, हा तिसरा कोण, याचं नाव काय लिहू? ते म्हणायचे, त्या घरात दोनच माणसं राहतात, गप टंक. बाहेर पाळत ठेवणाऱ्यांनीही कधी कोणाला आत जाताना पाहिलं नाही. मला वाटायचं तुमचे वडील असतील. अंथरुणाला खिळलेले. पण मग तो चालायचा."

"पुरुष होता?"

"पुरुषच. हळू बोलायचा. घाई नाही." ती माझ्याकडे वळली. "तुमच्याशी फार नाही बोलायचा, बाई. कधीतरी एखादा शब्द. त्याचं काम यांच्याशी असायचं. दुपारी."

"माझ्याशी?" तिबेरियू म्हणाला.

"म्हणजे काय! तो सांगायचा, तुम्ही टंकायचात. तुम्ही मध्येच थांबून विचारायचात, 'पुढे?' आणि तो पुढचं सांगायचा. ते कोळ्यांचं, गाव पुसून टाकल्याचं. मी कितीदा रडले ते ऐकून. टंकायला लागायचं म्हणून रडता यायचं नाही नीट. नंतर पुस्तक छापून आलं तेव्हा मी विकत घेतलं. शब्द न् शब्द तेच."

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. तिबेरियू ग्लासाकडे बघत होता.

"सहा वर्षं ऐकलंत, मग का सोडलंत?" मी विचारलं.

आग्लायाने मघाशी धुतलेले हात पुन्हा ॲप्रनला पुसले. ते कोरडेच होते.

"एका दुपारी तुम्ही दोघं घरी नव्हतात. तो चालत होता, नेहमीसारखा. मग पावलं अगदी मायक्रोफोनजवळ आली. भिंतीत बसवलेला मायक्रोफोन, हो, कोणाला कळणार नाही असा. तो म्हणाला, 'आग्लाया, तू दमली असशील. थोडं माझ्यासाठीही ऐक.' मी यंत्र काढून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज दिला. तेवढं एक वाक्य मी टंकलं नाही."

५

परतताना तिबेरियूने माझा हात धरला. संशय गेला होता. मला हलकं वाटायला हवं होतं.

"म्हातारी वेडी आहे," मी म्हणाले. "पुस्तक वाचलं तिने आणि डोक्यात सगळी सरमिसळ झाली. माणूस लिहिताना मोठ्याने बोलतो. तू बोलायचास. दोन आवाज वाटले असतील."

"हो."

"कोण असणार दुसरं?"

"हो ना."

पुढच्या मंगळवारी त्याने बाकीचे खंड आणले, दुपारच्या नोंदींचे. त्याने ते मला वाचायला दिले नाहीत. तीन दिवस खोलीत घेऊन बसला. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, गाल आत गेलेले.

"एक वाक्यसुद्धा माझं नाही, वेता. मी शोधलं. एखादं विशेषण तरी. मी फक्त 'पुढे?' म्हणतोय. शेकडो पानं, 'पुढे?', 'पुढे?'. त्या गाढवांनी नाव बरोबर ठेवलं होतं."

"ते सगळं जाळून टाक. आपण तुल्चाला जाऊ, तुझ्या भावाकडे. हे घर विकून टाकू."

त्याने जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची उचलली.

"ती कुठे नेतोस?"

"आत."

"आत एक आहे की."

"असू दे."

मी दारात आडवी उभी राहिले. तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या डोळ्यांनी पाहिलं ते मी आधी एकदाच पाहिले होते, नव्वद साली, पुस्तकाची पहिली प्रत हातात आली तेव्हा.

"अकरा वर्षं, वेता. अकरा वर्षं मी कागदासमोर बसून उठतोय. लोक रस्त्यात विचारतात, नवीन काय? तुला माहीत नाही ते काय असतं."

"ते तुझं नसेल."

"नाव तर माझंच लागेल," तो म्हणाला आणि मला हळूच बाजूला सारून खुर्ची आत घेऊन गेला.

६

पहिले दहा दिवस काहीच झालं नाही. जेवण झालं की तो दार लावून घ्यायचा आणि आत शांतता असायची. आमचं जुनं एरिका टंकयंत्र टेबलावर होतं. एकेकाळी दरवर्षी त्याच्या अक्षरांचा नमुना पोलीस ठाण्यात द्यावा लागायचा, म्हणजे कोणी गुपचूप काही लिहिलं तर सापडावं. मी स्वयंपाकघरात बसून मटार सोलायची आणि त्या शांततेचे आभार मानायची.

अकराव्या दिवशी टंकयंत्र सुरू झालं.

तिबेरियू टंकायचा कसा, हे मला पाठ होतं. दोन बोटांनी, अडखळत, ओळीच्या शेवटी शिवी. हा आवाज तसा नव्हता. सलग पडत होता, एका लयीत. मी अनवाणी दारापर्यंत गेले.

"पुढे?" तिबेरियूचा आवाज.

मग शांतता. एखादं लांब वाक्य सांगायला लागावी तेवढी.

मग पुन्हा टंकयंत्र.

मी कान लाकडाला टेकवला. त्या शांततेत मला काहीही ऐकू आलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण ती रिकामी नव्हती. फोनवर समोरचा बोलत असतो आणि आपल्याला फक्त ऐकणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, तशी होती. ऐकताना तिबेरियू मध्येच "हां" म्हणायचा. एकदा हसला. एकदा म्हणाला, "नाही, तिला नको सांगायला."

संध्याकाळी तो बाहेर यायचा तेव्हा उत्साहात असायचा, दोन वाट्या जास्त जेवायचा. बुखारेस्टच्या प्रकाशन संस्थेतल्या इलिंका या संपादक मुलीला त्याने फोन करून सांगितलं, नवी कादंबरी येतेय. फोनवर ती आनंदाने किंचाळली, मला दूरवरून ऐकू आलं. पण त्याचे कपडे सैल होत चालले होते. गळ्याची कातडी लोंबू लागली. आरशासमोर दाढी करताना तो एकदा म्हणाला, "याला किती लागतं माहीत आहे?" मी विचारलं, "काय किती लागतं?" तर त्याने वस्तरा धुतला आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागला.

मी त्याला दिवसातून चारदा म्हणत होते, चल इथून. तो म्हणायचा, शेवटचं प्रकरण राहिलंय.

७

तो जूनमधला गुरुवार. सकाळी आठला तो कॉफी घेऊन आत गेला. नऊच्या सुमारास टंकयंत्र सुरू झालं. सकाळी तो कधी बसत नसे, पण शेवटचं प्रकरण म्हणून मी काही बोलले नाही. बाजारात जाऊन आले. मक्याच्या पिठाचा मामालिगा केला, चीज किसलं.

बारा वाजता दारावर टकटक केलं. "जेवायला येतोस का?"

टंकयंत्र थांबलं. "नंतर, वेता."

मी परत फिरले. आवाज त्याचाच होता. थोडा हळू. दमलेला असेल.

दोन वाजता पुन्हा विचारलं. "नंतर, वेता." तसाच, तेवढाच. जेवण थंड झालं होतं. मला राग आला, साधा, रोजचा राग. एवढं शिजवून ठेवायचं आणि याने म्हणायचं नंतर. त्या रागातच मी दार उघडलं.

खोलीत ऊन होतं. टेबल खिडकीपाशी असल्यामुळे बसणाऱ्याची पाठ दाराकडे यायची. तिथे तो बसला होता. राखाडी लोकरीचा स्वेटर, कोपराला मी लावलेलं ठिगळ, खाली झुकलेली मान. हात चालू होते. मी तोंड उघडलं, "अरे, किती वेळ..."

मग डावीकडे, भिंतीला लागून असलेल्या पलंगावर मला तिबेरियू दिसला.

तो उताणा पडला होता. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. तोंड किंचित उघडं, डोळे छताकडे. त्याच्याही अंगात तोच राखाडी स्वेटर होता.

टेबलावरचे हात थांबले. मान वळली नाही. कोणी काहीतरी सांगेल म्हणून माणूस थांबतो, तसं त्या पाठीने थांबून माझी वाट पाहिली. खिडकीबाहेर कबुतरं घुमत होती. मला एवढंच कळत होतं की आता मी एक शब्दही बोलायचा नाही. 'हो' नाही, 'नाही' नाही, 'कोण आहेस' नाही, नवऱ्याचं नावसुद्धा नाही. एकदा मी त्याला 'बस' म्हटलं होतं, तेवढं पुरे होतं.

मी दार लावून घेतलं. हळूच, आवाज होऊ नये म्हणून.

स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसले. मागे टंकयंत्र पुन्हा सुरू झालं. मी ते ऐकत बसले, हात मांडीवर ठेवून, तासभर तरी. साडेतीनला ते थांबलं. एक कागद ओढून काढल्याचा आवाज आला. आणखी अर्धा तास गेल्यावर मी उठले.

टेबलापाशी कोणी नव्हतं. दोन्ही खुर्च्या आत सरकवलेल्या. कागदांचा गठ्ठा नीट लावून ठेवलेला.

८

डॉक्टर पंदेले आमच्या ओळखीचे. त्यांनी तिबेरियूचा हात उचलून पाहिला, तो सहज उचलला गेला नाही. जबडा पाहिला. मग घड्याळ पाहिलं.

"सकाळीच गेलेत, बाई. आठ-नऊला. हृदय." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही दिवसभर घरी होतात ना? एकदाही डोकावला नाहीत?"

"तो काम करत असला की मध्ये आलेलं त्याला चालत नसे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चांगला माणूस.

अंत्ययात्रेला गावातले निम्मे लोक आले. वर्तमानपत्राने पहिल्या पानावर फोटो छापला. आग्लायाही आली होती, काळा रुमाल बांधून, सगळ्यात मागे. माझ्याशी बोलली नाही. थडग्यावर माती पडत होती तेव्हा ती डोकं एका बाजूला कलवून उभी होती आणि मग एकाएकी दोन्ही हात कानांवर ठेवून तिथून निघून गेली.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातली शेगडी पेटवली. गठ्ठा जड होता, चारशेवर पानं. वरच्या पानावर शीर्षकाखाली तिबेरियूचं नाव होतं, त्याने स्वतःच्या हाताने, शाईने लिहिलेलं, सुबक, दोनदा गिरवलेलं. ते पाहून मला रडू आलं. खालचं काही मी वाचलं नाही. नजर जाऊ नये म्हणून गठ्ठा पालथा धरला आणि थोडी थोडी पानं आत सारत गेले. अंधार पडायच्या आत संपली.

आठवड्याने इलिंकाचा फोन आला. बिचारी रडत होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मग तिने चाचरत विचारलं, "माफ करा, आत्ता विचारू नये. पण ते म्हणाले होते कादंबरी जवळपास झालीय. कागद कुठे ठेवलेत त्यांनी?"

"कागद नाहीत."

"असं कसं होईल? निदान काही प्रकरणं, टिपणं..."

"पोरी," मी म्हणाले, "तिबेरियूने काहीही लिहिलं नव्हतं."

तिला वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला मात्र बोलताना अजिबात अडखळायला झालं नाही. एवढ्या दिवसांत मी कोणाला सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती.